मुलाला शाळेत कुणी छळत असेल तर ‘हात मिळवा’ म्हणायच्या आधी हे वाचा

मी एका अनुदानित शाळेत सहावी-सातवीला शिकवते, १९ वर्षं झाली. सगळ्यात आधी माझ्या हातून झालेली एक चूक सांगते, कारण हीच चूक आजही रोज कुठल्या ना कुठल्या स्टाफरूमबाहेर होत असते. सातवीतला एक मुलगा, त्याला आपण ओंकार म्हणू, मधल्या सुट्टीत रडत माझ्याकडे आला की वर्गातला अमुक एक जण मला रोज त्रास देतो. मी दोघांना बोलावलं, समोरासमोर उभं केलं, दोघांचंही ऐकून घेतलं, त्या दुसऱ्याने सॉरी म्हटलं, मी म्हटलं हात मिळवा बघू, त्यांनी मिळवला, झालं, मी वह्या तपासायला बसले. तीन आठवड्यांनी ओंकारची आई आली. म्हणाली, बाई, हा घरी आला की दप्तरसुद्धा न उतरवता धावत बाथरूमला जातो आणि मग उभ्याउभ्या तीन-चार पेले पाणी पितो, शाळेत पाणी येत नाही का? पाणी येत होतं. पण हात मिळवल्याच्या दुसऱ्या दिवसापासून चौघं मिळून त्याला टॉयलेटमध्ये गाठून विचारत होते, "जा की, सांग परत बाईंना". म्हणून तो टॉयलेटला जायचंच बंद झाला होता, आणि जायची वेळ येऊ नये म्हणून पाणी प्यायचं बंद झाला होता, सकाळी ११ ते संध्याकाळी ५.

तर हे लिहितेय ते पालकांसाठी आणि माझ्यासारख्या शिक्षकांसाठी, ओळखायचं कसं, करायचं काय, आणि काय अजिबात करायचं नाही.

भांडण वेगळं, छळ वेगळा

पोरं भांडतात. भांडायलाच पाहिजेत. आज कट्टी उद्या बट्टी, पेन्सिलीवरून, बॅटिंगवरून, बाकावरच्या जागेवरून. त्यात आपण पडायची गरज नसते, पडलो तर उलट वाढतं. पण छळ ही गोष्ट वेगळी आहे आणि हा फरक समजला की निम्मं काम होतं. डॅन ओल्वेयस नावाचे मानसशास्त्रज्ञ, जन्माने स्वीडनचे, काम केलं नॉर्वेत, त्यांनी १९७० च्या दशकापासून यावर अभ्यास केला. १९८२ च्या अखेरीस नॉर्वेत तीन मुलांनी आत्महत्या केल्या, शाळेतल्या छळामुळे केल्या असाव्यात असं पुढे आलं, आणि १९८३ मध्ये त्या सरकारने देशभर मोहीम घेतली ती ओल्वेयस यांच्या कामाच्या आधारावर. त्यांनी तीन खुणा सांगितल्या त्या आजही वापरतात: मुद्दाम केलेलं असतं, पुन्हापुन्हा होतं, आणि दोन्ही बाजूंची ताकद सारखी नसते. ताकद म्हणजे फक्त अंगातली नाही हं. चार जण विरुद्ध एक ही ताकद, मॉनिटर असणं ही ताकद, वडील गावात मोठे असणं ही ताकद, इंग्रजी फाडफाड येणं ही पण ताकद.

मी वर्गात याचं साधं करून घेतलंय. लांबून बघायचं, दोघंही हसतायत का? एक जण "बस झालं" म्हणाला तर थांबतं का? आणि उद्या हाच खेळ उलटा होऊ शकतो का, म्हणजे आज ज्याची टोपी उडवली तो उद्या यांची उडवू शकेल का? तिन्हीचं उत्तर हो असेल तर ती मस्ती आहे, सोडून द्या. एकच पोरगा रोज मधे, रोज त्याचीच टोपी, आणि तो हसतोय पण तोंडाने हसतोय डोळ्यांनी नाही, तर तो छळ आहे. तो हसतो ते का, तर रडला तर अजून होणार हे त्याला माहीत असतं. आपण मोठे मात्र तेवढ्या हसण्यावर "काही नाही, खेळतायत" म्हणून पुढे जातो.

आणि म्हणूनच हात मिळवणं चालत नाही. भांडणात दोघांची चूक थोडी थोडी असते म्हणून समेट होतो. छळात समेट कसला करणार? ज्याला मार बसतोय त्यानेही काहीतरी सोडून द्यायचं का? त्याला त्या मुलासमोर उभं करून "सांग, काय केलं याने" असं विचारणं म्हणजे त्याला परत एकदा त्याच्याच हातात देणं आहे.

आपल्याकडे हे कसं दिसतं

बुलिंग म्हटलं की लोकांच्या डोळ्यापुढे सिनेमातला दांडगट पोरगा येतो, डबा हिसकावणारा. तसंही असतं, पण माझ्या वर्गात मी जास्त बघितलंय ते वेगळंच. नावं ठेवणं. जाड्या, लुकड्या, ढापण्या, काळ्या, तोतऱ्या, बायल्या. एक नाव चिकटलं की दहावीच्या निरोप समारंभापर्यंत सुटत नाही, आणि गंमत म्हणून ते नाव कधीकधी शिक्षकही वापरतात. हे मला फार मनापासून सांगायचंय, आपण शिक्षकांनी एकदा जरी वर्गात "अरे ए गोलू" म्हटलं ना, की ५० पोरांना परवाना मिळतो. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम १७ मध्ये मुलांना शारीरिक शिक्षा तर बंद आहेच पण मानसिक त्रासही बंद आहे, आणि तो आपल्याला लागू आहे.

दुसरं, बोलणं. खेड्यावरून एसटीने येणारी पोरं पाचवीत शहराच्या शाळेत येतात आणि "पानी" म्हणतात, "व्हय" म्हणतात, "मला न्हाई ठावं" म्हणतात. पहिल्या आठवड्यातच वर्ग त्यांचं बोलणं ऐकवून दाखवायला लागतो. माझ्याकडे एक मुलगी होती, वाचन सुंदर, कविता तोंडपाठ, आणि तिने जून ते ऑक्टोबर वर्गात तोंडच उघडलं नाही, कारण पहिल्या दिवशी तिने उभं राहून "बाई, पानी पिऊन येऊ?" विचारलं होतं आणि मागच्या बाकावरून चार जणींनी ते "पाऽऽनी" करून दाखवलं होतं. त्यानंतर ती येता-जाता रोज "पाऽऽनी". मला वाटत होतं मुलगी अबोल आहे, वार्षिक नोंदीत मी तसं लिहिणारही होते.

तिसरं, आडनाव आणि जात. "पूर्ण नाव सांग की", इथून सुरू होतं. शिष्यवृत्तीचे फॉर्म आले की वर्गात मोठ्याने नावं वाचायची जी पद्धत आहे ती कृपा करून बंद करा, त्या मुलांना वेगळं बोलावून फॉर्म द्या. जातीवरून हिणवणं ही पोरांची चेष्टा म्हणून सोडायची गोष्टच नाही, त्याला १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे. अठरा वर्षांखालच्या मुलाचं प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जातं हे वेगळं, पण शाळेने "लहान आहेत हो" म्हणून झाकायचं नाही.

आणि मुलींचं. मुलींमध्ये मारामारी कमी, वाळीत टाकणं जास्त. आज डबा खायला सगळ्या गोल करून बसल्या आणि एकीला जागाच ठेवली नाही. ती आली की गप्प. ग्रुपमधून काढलं आणि दुसऱ्या मिनिटाला त्याच ग्रुपमध्ये तिच्याबद्दल. यात दाखवायला वळ नसतो, तक्रार काय करायची हेच तिला कळत नाही, "माझ्याशी बोलत नाहीत" एवढंच ती सांगते आणि आपण म्हणतो मग तू दुसऱ्यांशी बोल. असं म्हणू नका. मुलग्यांमध्येही होतं हे, पण मुलगा तेवढंही सांगत नाही.

वाढदिवसाच्या लाथा, बर्थडे बंप्स म्हणतात त्याला, त्यावर मी एकच वाक्य लिहिते, माझ्या वर्गात बंद आहेत, तुमच्याही करा.

घरी काय बघायचं

मूल येऊन "माझा छळ होतोय" असं म्हणत नाही. मूल म्हणतं, पोटात दुखतंय. रविवारी संध्याकाळी दुखायला लागतं, सोमवारी सकाळी उलटीसारखं होतं आणि अकरा वाजून गेले, आता शाळेत जायचं नाही हे नक्की झालं की बरं वाटतं. दर आठवड्याला असं होत असेल तर औषध बदलत बसू नका, वार लिहून ठेवा. पीटीचा तास ज्या दिवशी असतो त्याच दिवशी दुखतंय का, व्हॅनमध्ये अमुक मुलं असतात त्याच दिवशी का, हे असं सापडतं.

डबा तसाच परत येणं, किंवा उलट घरी येऊन भुकेने तुटून पडणं. पेन, कंपास, टोपी सारखी हरवणं. पैसे मागणं, किंवा घरातले दहा-वीस रुपये न सांगता जाणं, हे चोरी म्हणून मारायच्या आधी एकदा विचारा की कुणाला द्यावे लागतात का. रोजचा रस्ता सोडून लांबून येणं. पाठीवर, दंडावर वळ आणि "पडलो" हे उत्तर. मित्रांची नावं घरी निघायची ती निघेनाशी होणं. लहान भावाबहिणीवर अचानक हात उचलणं, हे फार लोकांच्या लक्षात येत नाही, पण शाळेत खाल्लेला मार बऱ्याचदा घरी धाकट्यावर निघतो. फोन वाजला की दचकून बघणं, आणि मग फोन पालथा ठेवणं. आणि ते ओंकारचं, घरी येऊन धावत बाथरूम. वॉटरबॅग भरलेली परत येते का, एवढं तर रोज बघता येतं.

एक खूण म्हणजे लगेच छळच असं नाही. अभ्यासाचं टेन्शन असेल, घरातलं काही असेल, शिक्षकांचीच भीती असेल. पण तीन-चार गोष्टी एकदम बदलल्या असतील तर विचारायलाच हवं.

विचारायचं कसं? समोर बसवून "शाळेत काय चाललंय तुझं?" नाही. भांडी घासताना, गाडीवर मागे बसलेला असताना, अंथरुणात पडल्यावर दिवा बंद केल्यावर, म्हणजे डोळ्याला डोळा नसतो तेव्हा मुलं बोलतात. "आज डबा कुणाबरोबर खाल्लास?" "व्हॅनमध्ये कुठे बसतोस?" "वर्गात असं कोण आहे ज्याला सगळे चिडवतात?" हा शेवटचा प्रश्न मी सगळ्या पालकांना सांगते. मूल दुसऱ्याचं सांगता सांगता स्वतःचं सांगून जातं. आणि कधी कळतं की आपलं मूलच चिडवणाऱ्यांत आहे, त्याबद्दल पुढे लिहिते.

त्याने सांगितलं, आता पुढची दहा मिनिटं

इथे सगळ्यात जास्त बिघडतं. वडील उठतात, "नाव सांग, बघतोच त्याच्या बापाला". किंवा "तू काय केलं होतंस आधी?". किंवा "दे ना तू पण दोन ठेवून, बायकांसारखा रडतोस काय". किंवा आई स्वतःच रडायला लागते आणि मग मूलच आईची समजूत काढतं, "नाही गं, एवढं काही नाही". यातलं काहीही झालं की मूल परत सांगत नाही, हे मी बघितलंय, परत नाहीच सांगत.

काय म्हणायचं ते मी लिहूनच देते. "सांगितलंस ते बरं केलंस." "यात तुझी काही चूक नाही." "मी तुला विचारल्याशिवाय शाळेत जाणार नाही, आपण दोघं मिळून ठरवू." हे तिसरं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं, कारण मुलाला सगळ्यात मोठी भीती हीच असते की आईबाबा उद्या शाळेत जाऊन तमाशा करणार आणि परवा आपले हाल. एवढं म्हणून झालं की गप्प बसा आणि ऐका, मधे प्रश्नांची सरबत्ती नको. फक्त एक अपवाद, गंभीर इजा असेल, अंगाला नको तिथे हात लावला असेल, किंवा जीव द्यायची भाषा असेल तर "ठरवू" नाही, तेव्हा लगेच हालायचं आणि मुलालाही ते स्पष्ट सांगायचं.

"तू पण मार" याबद्दल दोन शब्द, कारण हा सल्ला आजोबांपासून सगळे देतात. मारता आलं असतं तर त्याने तुम्हाला सांगितलंच नसतं. चार जणांपुढे एकाने हात उचलला तर मार जास्त बसतो, आणि शिक्षकांनी नेमका त्याचाच हात बघितला तर शिक्षाही त्यालाच. त्याऐवजी घरी आरशासमोर सराव करून घ्या: पाठ ताठ, समोर बघून, मोठ्या आवाजात दोनच शब्द, "हात काढ" किंवा "बस कर", आणि तिथून निघायचं, जिथे माणसं आहेत तिकडे. वाद नाही, शिवी नाही, रडत पळणं नाही. दहा-बारा वेळा करून घेतलं की त्या वेळी तोंडातून निघतं. याने छळ थांबेलच असं मी म्हणत नाही, थांबवणं हे मोठ्यांचं काम आहे, पण मुलाला हातात काहीतरी असल्यासारखं वाटतं आणि त्याला खूप किंमत आहे.

शाळेत जाताना

आधी एक वही करा. तारीख, वार, कुठे, काय झालं, कोण होतं, कुणी बघितलं. मुलाचे शब्द जसेच्या तसे लिहा, शिवी असेल तर शिवी लिहा. फाटलेला शर्ट धुऊ नका, आधी फोटो काढा. वळाचा फोटो काढा आणि जास्त लागलं असेल तर डॉक्टरला दाखवून कागद घ्या.

मग वर्गशिक्षकांना वेळ मागून भेटा. गेटवर, पालकसभेच्या गर्दीत, वर्गाच्या दारात नाही. त्या दुसऱ्या मुलाच्या आईवडिलांना परस्पर गाठू नका, मी दोन घरांची गेटसमोर मारामारी झालेली बघितलीय आणि नंतर दोन्ही मुलांचं शाळेत येणं अवघड झालं. पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तर काहीही टाकू नका, त्या पोराचं नाव १०० घरांत गेलं की ते परत घेता येत नाही आणि तुमची खरी बाजूही तिथे खोटी ठरवतात.

भेटीत "तुमच्या शाळेत लक्षच नाही" ने सुरुवात केलीत तर समोरचा माणूस बचावात जातो, मीही गेले असते. "माझ्या मुलाबाबत या या तारखांना असं झालंय, तुम्ही काय करणार आहात आणि मी परत कधी भेटू?" एवढं विचारा. तारीख घेऊनच उठा. आणि अट घाला, माझ्या मुलाला त्या मुलासमोर उभं करून विचारायचं नाही.

आठवड्याभरात काही हाललं नाही तर मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्या, दोन प्रती, एकीवर शाळेचा शिक्का, आवक क्रमांक आणि तारीख घेऊन पोच घरी आणा. तोंडी तक्रार हवेत जाते, पोच असलेल्या अर्जाला उत्तर द्यावं लागतं. पुढे शाळा व्यवस्थापन समिती आहे, सरकारी आणि अनुदानित शाळांत असते, त्यात ७५ टक्के पालकच असतात, म्हणजे तुमच्यातलीच माणसं. विनाअनुदानित खाजगी शाळेत पालक-शिक्षक संघाकडे जा. २०२२ पासून सखी सावित्री समिती आहे, ती मुलामुलींच्या सुरक्षिततेसाठीच आहे, तुमच्या शाळेत तिचे सदस्य कोण ते फलकावर लावलंय का बघा, नसेल तर विचारा. तक्रारपेटीही असायला हवी, २०२४ च्या ऑगस्टमध्ये बदलापूरची घटना झाली त्यानंतर शासनाने या सगळ्यावर पुन्हा जोर दिला. मात्र पेटी ऑफिसच्या दारात, शिपाईदादांच्या खुर्चीशेजारी असेल तर कुठलं मूल चिठ्ठी टाकेल? आमच्याकडे ती ग्रंथालयाच्या आत हलवली, तेव्हापासून चिठ्ठ्या यायला लागल्या. त्यानंतरही शाळा ढिम्म असेल तर गटशिक्षणाधिकारी, मग जिल्ह्याचे शिक्षणाधिकारी, पोचीची प्रत जोडून.

एक गोष्ट फार कमी जणांना माहीत असते. महाराष्ट्राचा रॅगिंग प्रतिबंधक कायदा १९९९ चा आहे आणि त्यातली शैक्षणिक संस्थेची व्याख्या कॉलेजपुरती नाही, वसतिगृह आणि शिकवणीही त्यात येते, आणि रॅगिंगमध्ये चिडवणं, शिव्या देणं, धमकावणंही येतं. लेखी तक्रार आली की संस्थाप्रमुखाने सात दिवसांत चौकशी करायची असते, आणि दुर्लक्ष केलं तर त्याने गुन्ह्याला साथ दिली असं धरतात. मी म्हणत नाही की बारा वर्षांच्या पोरावर पोलीस केस करा. पण आश्रमशाळेत, वसतिगृहात रात्री मोठी मुलं लहानांना कपडे धुवायला लावतात, मारतात, तिथे घरची माणसं जवळ नसतात, तिथे हा कायदा माहीत असायलाच हवा.

शिक्षकांसाठी, माझ्याच माणसांसाठी

ओंकारच्या वेळी दुसऱ्यांदा मी काय केलं ते सांगते. त्याला आणि त्या मुलाला एकत्र बोलावलंच नाही. आधी ओंकारशी ग्रंथालयात, पुस्तकं लावायच्या निमित्ताने बोलले, म्हणजे कुणाला वास लागला नाही. मग त्या चौघांना एकेक करून, एकाच तासात, वेगवेगळ्या खोल्यांत, दोन सहकारी शिक्षक मदतीला घेऊन, म्हणजे बाहेर जाऊन "काय सांगायचं" ठरवायला त्यांना वेळच मिळाला नाही. ओंकारचं नाव मी तक्रारदार म्हणून घेतलंच नाही, म्हटलं, टॉयलेटमध्ये काय चालतं ते मला कळलंय, तू तिथे काय करत होतास ते तू सांग. चौघांतले दोघं पाच मिनिटांत बोलले. ते दोघं नुसते दारात उभे राहायचे. घाबरूनच उभे राहायचे, आपण नाही उभं राहिलो तर उद्या आत आपण.

आणि खरं काम इथेच आहे, या दारातल्या दोघांमध्ये. टोरांटोच्या शाळांमध्ये संशोधकांनी मैदानावर कॅमेरे लावून बघितलं होतं, २००१ मध्ये ते छापून आलं, की बघणाऱ्यांपैकी कुणी मधे पडलं तर ५७ टक्के वेळा छळ दहा सेकंदांत थांबतो. दहा सेकंद! फिनलंडमध्ये तुर्कू विद्यापीठाने किवा नावाचा कार्यक्रम बनवला, २००९ पासून तो देशभर गेला, त्याचा भर पण बघणाऱ्या मुलांवरच आहे. बघे हसले नाहीत तर त्या मुलाला मजा येत नाही, साधी गोष्ट आहे.

पण बघ्या मुलांना नुसतं "मधे पडा" म्हणून चालत नाही, मार खातील बिचारी. त्यांना सोप्या गोष्टी द्या. हसायचं नाही. व्हिडिओ काढायचा नाही. ज्याला त्रास होतोय त्याला हाक मारून बाहेर काढायचं, "अरे चल, तुला बाईंनी बोलावलंय". माझ्या वर्गाला परवानगी आहे, हे वाक्य बोलायला मला विचारावं लागत नाही. नंतर त्याच्याजवळ जाऊन बसायचं, काही बोललं नाही तरी चालेल. आणि मोठ्या माणसाला सांगायचं. "चहाडखोर" म्हणतील ही भीती असते, त्यावर मी पहिल्याच आठवड्यात बोलते, की कुणाला शिक्षा व्हावी म्हणून सांगतो ती चहाडी, कुणाची सुटका व्हावी म्हणून सांगतो ती चहाडी नाही. आणि सांगणाऱ्याचं नाव माझ्या तोंडून आजपर्यंत कधी बाहेर गेलेलं नाही, पोरांना हे माहीत आहे म्हणून ती सांगतात.

बाकी जागा बघा. वर्गात आपल्या डोळ्यांदेखत काही होत नाही. होतं ते टॉयलेटमध्ये, पाण्याच्या टाकीमागे, जिन्यात, दोन तासांमधल्या पाच मिनिटांत, व्हॅनच्या मागच्या सीटवर, शाळा सुटल्यावर एसटी स्टँडवर. मधल्या सुट्टीची ड्युटी असेल तर एका जागी खुर्ची टाकून बसू नका, फिरा. व्हॅनवाल्या काकांशी आणि शाळेतल्या मावशींशी बोलत राहा, त्यांना आपल्यापेक्षा दहापट माहीत असतं. आणि वर्षातून दोनदा एक चिठ्ठी लिहून घ्या, सहलीला बसमध्ये कुणाशेजारी बसायला आवडेल, तीन नावं. जे नाव एकाही चिठ्ठीत येत नाही त्या मुलाकडे जाऊन बसा. खेळाचे संघ पोरांना निवडू देऊ नका, शेवटी उरणारं पोर रोज तेच असतं.

आपलंच मूल करत असेल तर

शाळेतून फोन आला तर पहिलं वाक्य "माझा मुलगा असं करूच शकत नाही" हे येणारच, पण गिळा. आणि घरी गेल्यावर पट्टा काढू नका. मारून शिकवलं तर तो एवढंच शिकतो की ज्याच्या हातात ताकद त्याचं खरं, आणि तेच तर तो शाळेत करतोय. काय केलंस ते त्याच्या तोंडून पूर्ण ऐका, "मस्ती केली" यावर थांबू नका, काय केलं, कितीदा, तो तेव्हा कसा दिसत होता. नुसतं सॉरी नको, नुकसान भरून द्यायला लावा: कंपास मोडला तर स्वतःच्या खाऊच्या पैशांतून नवा, ग्रुपवर फोटो टाकला तर त्याच ग्रुपवर चूक कबूल. आणि घरात बघा, जेवताना आपण शेजाऱ्यांबद्दल, कामवाल्या ताईंबद्दल, कुणाच्या रंगाबद्दल कसं बोलतो. ओंकारला छळणाऱ्या त्या मुलाच्या घरी मी गेले होते, त्याचा मोठा भाऊ त्याला माझ्यासमोर टपली मारून "ए मठ्ठ" म्हणाला आणि घरातलं कुणीही मान वर करून बघितलं नाही.

मोबाईलवर होत असेल तर

डिलीट करू नका, आधी स्क्रीनशॉट, तारीख-वेळ आणि अकाउंटचं नाव दिसेल असा. उलट उत्तर देऊ नका. मग रिपोर्ट, मग ब्लॉक, याच क्रमाने. मुलाचा फोन काढून घेऊ नका, हीच भीती असते म्हणून मुलं सांगत नाहीत. मात्र कुणाचा उघडा किंवा तसला फोटो फिरत असेल तर तो पुरावा म्हणूनसुद्धा कुणालाही फॉरवर्ड करू नका, ना शिक्षकांना ना ग्रुपवर, अठरा वर्षांखालच्या मुलाचा असा फोटो पाठवणं हाच गुन्हा आहे. तो फोन तसाच घेऊन पोलिसांकडे जा, किंवा राष्ट्रीय सायबर क्राईम पोर्टलवर महिला आणि मुलांच्या विभागात तक्रार करा, तिथे नाव न देताही करता येते.

थांबायचं नाही अशा वेळी

लैंगिक प्रकार असेल तर शाळेच्या चौकशीची वाट बघायची नाही, पॉक्सो कायदा २०१२ चा आहे, कळल्यावर पोलिसांना न कळवणं हाही त्यात गुन्हा आहे, शिक्षकांना आणि मुख्याध्यापकांनाही लागू. मुलांसाठी १०९८ हा नंबर आहे, फुकट, चोवीस तास, मूल स्वतःही लावू शकतं, तो वहीच्या पहिल्या पानावर लिहून द्या. तातडीला ११२. आणि मूल म्हणालं "मी नसतो तर बरं झालं असतं", वस्तू वाटून टाकायला लागलं, अंगावर कापल्याच्या खुणा दिसल्या, तर "असं बोलायचं नाही" म्हणून गप्प करू नका. सरळ विचारा, तुला मरावंसं वाटतं का. विचारल्याने ते डोक्यात येत नाही, उलट कुणीतरी विचारलं म्हणून सुटल्यासारखं होतं. एकटं ठेवू नका, औषधं-कीटकनाशकं कुलपात ठेवा, आणि त्याच दिवशी डॉक्टर. टेलिमानस ही सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन आहे, १४४१६ वर मराठीत बोलता येतं, दिवसरात्र.

थांबलं की नाही हे कसं कळणार? मुलाला विचारलं तर तो "हो थांबलं" म्हणतो, बऱ्याचदा विषय संपावा म्हणूनच म्हणतो. म्हणून पहिला महिना दर आठवड्याला, मग पुढचे दोन महिने पंधरा दिवसांनी, शिक्षक आणि पालक दोघांनीही बघत राहायचं, सवयी परत आल्या का, डबा, झोप, मित्रांची नावं. मी माझ्या डायरीत पुढच्या तारखा आधीच टाकून ठेवते नाहीतर परीक्षेच्या गडबडीत राहून जातं. ओंकारच्या आईला मी दर शनिवारी फोन करत होते. नोव्हेंबरात दोनदा ती म्हणाली, अजून धावतच जातो हो. तेव्हा आम्ही चौथी-पाचवीच्या बाजूचं टॉयलेट त्याला वापरू दिलं आणि मधल्या सुट्टीत तिथे एका मावशींना बसवलं. जानेवारीत एका शनिवारी ती म्हणाली, काल आल्या आल्या आधी दप्तर जागेवर ठेवलं आणि बाहेर खेळायला गेला, वॉटरबॅग उघडून बघितली तर रिकामी होती.